नमुना क्रमांक अठरा

धुळे
८ जुलै २०२४

आदरणीय सर,

मी ज्योत्स्ना शिरसाठ, आपल्या भूशास्त्र विभागातली. तुम्हाला पाच फोन केले. पहिल्या वेळी रिंग पूर्ण वाजली, नंतरच्या चारही वेळा मध्येच बंद झाली. म्हणून पत्र लिहिते आहे. चोपड्याचा तुमच्या ताईंचा पत्ता ऑफिसातून मिळाला. कोणी दिला ते सांगत नाही, त्याला त्रास नको.

विभागात सगळं ठीक आहे. तुमचं टेबल खिडकीपासून हलवून भिंतीला लावलं. तुम्ही ३१ मेला रिटायर झालात त्या दिवशी स्टाफ रूममध्ये हार आणून ठेवला होता. तुम्ही तिकडे गेलाच नाहीत. तो हार दोन दिवस पाण्याच्या कूलरवर पडून होता, मग मीच उचलला.

मेघा मॅडम आता विभाग बघतात. वयाने लहान आहेत, पण कामाला चोख. कपाटातले दोनशे बाराही नमुने तपासून कोणता खरा आणि कोणता बदललेला याची यादी द्या, असं त्यांना प्राचार्यांनी सांगितलं आहे. प्रॅक्टिकल संपलं की रोज दुपारी आम्ही दोघी बसतो. मी दगड काढून देते, त्या तपासतात. आधी नखाने ओरखडा, मग तांब्याच्या नाण्याने, मग खिळ्याने, मग काचेवर. त्यानंतर खरबरीत पांढऱ्या फरशीवर घासून रेघेचा रंग. शेवटी ॲसिडचा थेंब. काळ्या हेमॅटाइटने लाल रेघ ओढली की मॅडमना अजूनही हसू येतं. तुम्हालाही यायचं.

२२ मेचा दिवस डोळ्यासमोरून हलत नाही. मॅडम चार्ज घ्यायला आल्या होत्या. त्यांनी एक्केचाळीस नंबरचा हिरवा अपोफिलाइट हातात घेतला. नशिराबादजवळच्या विहिरीतला तो, ज्याच्यासाठी बाहेरगावचे प्राध्यापक यायचे. त्यांनी तो उजेडात फिरवला आणि सहज म्हणून ॲसिडचा थेंब टाकला. दगड फसफसला. अपोफिलाइट असा फसफसत नाही, कॅल्साइट फसफसतो, एवढं मलाही कळतं. तुम्ही चष्मा काढलात, रुमालाने पुसलात आणि परत घातलात.

मग प्राचार्यांच्या केबिनमध्ये तुम्हाला विचारलं, चावी कोणाकडे असते. तुम्ही म्हणालात, "माझ्याकडे. फक्त माझ्याकडेच."

मी दारात पाण्याचा ट्रे घेऊन उभी होते. सर, कपाटाची चावी सात वर्षं माझ्या पर्समध्ये होती. तुम्हाला कपाट उघडायचं असलं तर तुम्ही मला हाक मारायचात. मग असं का सांगितलंत?

आता चौकशी लागली आहे आणि त्यात तुमची पेन्शन अडकली आहे असं ऐकते. दगड कोणी बदलले असतील, तुम्हाला काय वाटतं? दोन ओळी लिहाव्यात. ताईंना नमस्कार.

आपली,
ज्योत्स्ना


धुळे
३० जुलै २०२४

आदरणीय सर,

पत्र मिळालं असेल असं धरून लिहिते.

आतापर्यंत एकशे चाळीस नमुने झाले. मॅडमना त्यात दोनच खोटे सापडले, एक तो एक्केचाळीस आणि एक त्यांनी स्वतःच उचललेला. त्यांना वाटतं, एवढ्यावर निभावलं. एक गोष्ट तुम्हाला सांगते, बाकी कोणाला नाही. दगड मी काढून देते आणि क्रमही मीच लावते. खात्रीचे आधी देते. बाकीचे कपाटाच्या खालच्या खणात मागे सरकवले आहेत. असं करून काय मिळणार आहे मला माहीत नाही. खण कधीतरी रिकामा होणारच.

मॅडम परवा म्हणाल्या, "ताई, तुम्ही नुसता हातात घेऊन सांगता, कसं काय?" मी म्हटलं, सरांनी शिकवलं. त्यांना खोटं वाटलं. बारावी झालेली बाई, झाडू मारायला आणि दगड मांडायला ठेवलेली, तिला कोण शिकवतं?

तुम्हाला आठवत असेल. माझे मिस्टर ईश्वर तुमच्या हाताखाली चौदा वर्षं होते. २०१५ ला ते काविळीने गेले आणि दोन वर्षांनी मी त्यांच्या जागेवर आले. पहिल्याच आठवड्यात मी सगळ्या चिठ्ठ्यांची सरमिसळ करून ठेवली होती. मला वाटलं आता कामावरून काढतील. तुम्ही माझ्या दोन्ही हातांत एकेक पांढरा दगड ठेवलात आणि विचारलंत, "जड कोणता?" मी डावा म्हटलं. "तो बराइट. हलका तो कॅल्साइट. आता डोळे मिटून सांग." मी डोळे मिटून सांगितलं. तुम्ही म्हणालात, "झालं, आता तुला कोणी फसवू शकणार नाही."

त्या वाक्यावर मी बरीच वर्षं खूश होते.

घरी सासूबाईंचे गुडघे दुखतात. दीर शेजारच्याच खोलीत राहतो. तो रोज विचारतो, कॉलेजात काय चाललंय. मी म्हणते, काही नाही.

आपली,
ज्योत्स्ना


धुळे
१९ ऑगस्ट २०२४

सर,

तुम्ही उत्तर पाठवत नाही ते बरं आहे. उत्तर आलं असतं तर हे लिहिलं गेलं नसतं.

दगड मी बदलले.

माझा दीर नवल, यांचा धाकटा भाऊ, जळगावच्या एका दगडांच्या व्यापाऱ्याकडे टेम्पो चालवतो. २०२१ च्या दिवाळीआधी तो कॉलेजात आला होता. सासूबाईंना चक्कर आली म्हणून मला न्यायला आला होता. मी कपाट पुसत होते, दोन्ही दारं उघडी होती. तो सासूबाईंचं विसरला. कपाटासमोर उभा राहिला आणि एकेका दगडाकडे बघत राहिला. चार दिवसांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "वहिनी, तो हिरवा दगड माले पाहिजे."

मी म्हटलं, तो कॉलेजचा आहे.

"मना भाऊनी विहीरमा उतरीसन काढेल शे तो. त्याना हातले लागेल व्हतं. कॉलेजना कसा व्हयना?"

सर, यांच्या तळहातावर तो वण खरंच होता. दोराला लटकून ते विहिरीत उतरले होते, वर तुम्ही दोर धरून होतात, हे मी त्यांच्या तोंडून कितीदा ऐकलं होतं. पाटीवर मात्र तुमचं नाव होतं, संग्राहक म्हणून. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. नवलने ते बोलून दाखवलं आणि मग वाटायला लागलं.

तरी मी नाही म्हटलं. मग त्याने कागदाचं काढलं. अनुकंपाची नोकरी लागताना मी स्टॅम्पपेपरवर लिहून दिलंय की मयताच्या आईचा सांभाळ करीन. आणि नवलने लिहून दिलंय की त्याची हरकत नाही. जागा त्यालाही मिळू शकली असती. तो म्हणाला, "तुनी नोकरी मना सहीवर शे. मायना अंगठा लेसू आनि अर्ज टाकी देसू. सून माले सांभाळत नही, जेवाले देत नही, आसा. मंग दखू."

सासूबाई आतल्या खोलीत तांदूळ निवडत होत्या. त्यांना ऐकू कमी येतं. माझ्यावर त्यांचा राग नाही, पण कागद नवलने पुढे केला तर त्या अंगठा देतील. शिकलेला मुलगा सांगेल तिथे अंगठा द्यायची त्यांना सवय आहे. एक मुलगा गेल्यावर उरलेल्या मुलाला कोणती आई नाही म्हणते?

मी आठ दिवस काढले. नवव्या दिवशी नवलने हिरवा कॅल्साइट आणून दिला, आकाराने जवळपास तसाच. मी तो घरी न्हाणीघरात नेला. डबीतून थोडं ॲसिड आणलं होतं. थेंब टाकला, दगड फसफसला. खिळ्याने सहज ओरखडला गेला. म्हणजे मला नक्की माहीत होतं मी काय ठेवायला चालले आहे. तुम्ही शिकवलेलं मी पहिल्यांदा घरी वापरलं ते यासाठी.

दुसऱ्या दिवशी तो एक्केचाळीस नंबरच्या चिठ्ठीवर ठेवला आणि खरा डब्यात पोळ्यांखाली घालून बाहेर काढला. तुम्ही त्या दिवशी मला विचारलंत, बरं नाही का ज्योत्स्ना, घरी जा. मी गेले.

मला वाटलं एकावर थांबेल. अडीच वर्षांत अकरा झाले. मार्चमध्ये तुम्ही नोंदवही घेऊन यायचात, मी म्हणायचे, सगळे आहेत सर, आणि तुम्ही माझ्या शब्दावर सही करायचात.

आता मला सांगा, तुम्ही चावीचं खोटं का बोललात? तुम्हाला संशय आला होता का? आला असेल तर मला एकदा ओरडायचं होतं. तुम्ही मला वाचवलंत आणि बोलणं बंद केलंत. आता मी ना घरी खरं बोलू शकते ना कॉलेजात. तुम्ही तुमच्या नावाने दार लावून घेतलंत आणि मी आत राहिले.

ज्योत्स्ना


धुळे
१७ सप्टेंबर २०२४

सर,

खालचा खण रिकामा झाला. मॅडमची यादी पूर्ण झाली. खोटे बारा.

मी अकरा बदलले होते. ही गोष्ट मी मनात इतक्या वेळा मोजली आहे की चूक होणं शक्य नाही.

बारावा म्हणजे क्रमांक अठरा. स्कोलेसाइट, पांढऱ्या सुयांचा जुडगा. मी तो कधी हलवलाच नव्हता. पुसतानाही लांबून ब्रश फिरवायचे, सुया तुटतात म्हणून. तपासायलाही म्हणूनच शेवटी काढला. मॅडमनी एक सुई चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर धरली. म्हणाल्या, "बघा ताई, स्कोलेसाइट असेल तर आता अळीसारखा वळवळेल. याचं नावच त्यावरून पडलंय." आम्ही दोघी वाकून बघत होतो. सुई वळली नाही. तडतडली आणि तिचा भुगा झाला. मग ॲसिड टाकलं तर फसफस. मॅडम म्हणाल्या, हा ॲरागोनाइट, दिसायला सारखा, कोणालाही चकवेल.

मी दगड उलटा केला. खाली जुनी चिठ्ठी चिकटवलेली होती, खळीने. पिवळी पडली आहे, पण अक्षर स्पष्ट. ते ईश्वरचं अक्षर आहे. त्यांचा 'ठ' वेगळा असायचा, गोल न मिटवता सोडलेला. त्याखाली तारीख, एप्रिल २०१४. संग्रहाच्या नोंदवहीत हा दगड २००६ सालचा आहे. मग चिठ्ठी आठ वर्षांनी नवीन का लावली? दगडच नवीन होता म्हणून.

मी मॅडमना म्हटलं चक्कर येते आहे. आणि घरी निघाले.

संध्याकाळी नवल टेम्पो धूत होता. मी जवळ जाऊन विचारलं. तो हसला नाही, चिडला नाही. पाण्याचा पाइप बाजूला ठेवला आणि म्हणाला, "तुले काय वाटनं, माले हाई वाट कोनी दखाडी? भाऊनीच. एकदाव त्यानी माले जळगावले धाडं व्हतं, तो पांढरा दगड दीसन. मंग तो भ्याई गया. परत आसं करानं नही सांगे."

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू इचारं नही."

सर, घरात यांचा फोटो आहे. त्यासमोर मी नऊ वर्षं दिवा लावते आहे आणि जवळजवळ तीन वर्षं त्या फोटोकडे बघायचं टाळते आहे. मला वाटायचं, त्यांनी जपलेलं मी विकलं. आता फोटोकडे बघते तर ते मलाच टाळताहेत असं वाटतं.

सासूबाईंना काही सांगितलेलं नाही. सांगणार नाही.

तुम्हाला हे माहीत होतं का? एवढंच लिहा. हो किंवा नाही.

ज्योत्स्ना


धुळे
११ नोव्हेंबर २०२४

सर,

मला साक्षीचं पत्र आलं. ३ डिसेंबर, सकाळी अकरा. तुम्हालाही बोलावलं असेल.

ऑफिसातल्या मोठ्या क्लार्कनी मला बाजूला घेतलं. चांगला माणूस आहे, माझ्या भल्यासाठीच बोलला. "ताई, एकच प्रश्न विचारतील. चावी बोरसे सरांकडे असायची का. तुम्ही हो म्हणायचं आणि घरी जायचं. सर स्वतःच तसं लिहून देऊन बसलेत. तुम्ही कशाला पडता यात?"

हे सगळं इतकं सोपं केलेलं आहे की माझ्या अंगावर काटा येतो. मी फक्त मान हलवायची आहे.

काल घरी आले तर सासूबाईंचा अंगठा निळा होता. विचारलं तर म्हणाल्या, "नवलनी कागद लई येल व्हता. रेशनना म्हने." मी त्यांचा अंगठा साबणाने धुतला. त्या म्हणत होत्या, राहू दे, निघी जाई आपोआप. मी घासत राहिले. शाई गेली नाही.

नवल म्हणाला कागद त्याच्या टेम्पोत आहे. तीन डिसेंबरला मी नीट बोलले तर तो टेम्पोतच राहील.

तुम्हाला काय करू असं विचारत नाही. तुमचं उत्तर मला माहीत आहे. तुम्ही ते मे महिन्यातच प्राचार्यांना सांगून टाकलंत.

ज्योत्स्ना


धुळे
४ डिसेंबर २०२४

आदरणीय सर,

काल तुम्हाला सहा महिन्यांनी बघितलं. तुम्ही वाळलात. शर्टाची कॉलर मानेला मोठी होते आहे. एसटीने आलात का? मला बोलायचं होतं, पण आधी आत बोलावलं.

तुम्ही तिथे होतातच, तरी लिहिते. मला पुन्हा एकदा सगळं क्रमाने बघायचं आहे.

चौकशी समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "बाई, कपाटाची चावी बोरसे सरांकडे असायची, बरोबर?"

मी म्हटलं, "नाही. माझ्याकडे."

तुम्ही लगेच म्हणालात, "ती घाबरली आहे साहेब. चावी माझ्याकडेच असायची, मी लिहून दिलं आहे."

तेव्हा मी म्हटलं, "सर खोटं सांगताहेत."

तुमच्याबद्दल मी हा शब्द वापरला आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंत. ती नजर मी विसरणार नाही. तिच्यात राग नव्हता. तुम्ही हरल्यासारखे दिसलात.

मग मी सांगितलं की दगड मी बदलले, माझा दीर घेऊन जायचा. अध्यक्ष कागदावर लिहीतच नव्हते. पेन टेबलावर ठेवून ते मला समजावायला लागले. "तुमचं शिक्षण किती?" बारावी. "मग खरे कोणते आणि बदललेले कोणते हे तुम्हाला काय कळणार? तुम्हाला कोणी असं बोलायला सांगितलंय का? सरांनी?" आणि त्यांनी तुमच्याकडे बोट केलं. सर, तेव्हा मला कळलं की खरं सांगूनही उपयोग होणार नाही. मी चोर आहे यावर कोणी विश्वास ठेवेना, कारण चोरी करण्याइतकी अक्कल मला आहे हेच त्यांना पटेना.

मी मेघा मॅडमना म्हटलं, तुमचा ट्रे आणा. त्यांनी अध्यक्षांना विचारलं. समितीतले केमिस्ट्रीचे सर म्हणाले, बघू तर.

तीस दगड होते. मॅडमनी नंबरांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. ॲसिडची बाटली आणि खिळा माझ्यासमोर ठेवला. मी दोन्ही बाजूला केले. एकेक दगड उचलला आणि ट्रेच्या डावीकडे किंवा उजवीकडे ठेवत गेले. हिरव्या कॅल्साइटला तिरपी पाती असतात, बोटाला कळतात. स्टिलबाइटच्या जागी ठेवलेला तो पीच रंगाचा तुकडा रंगवलेला होता, खाचेत रंग जास्त साठला होता. काचेचा एक होता, तो हातात गार लागेना. गारगोटीची एक होती, तिला सपाट तुटलेली बाजूच नाही. पण सर, खरं सांगू? यातलं मी काहीच तपासत नव्हते. मी माझ्या हातांनी ठेवलेले दगड मला लांबूनही ओळखू येत होते.

अठरा नंबर हातात आला तेव्हा थांबले. तो उजवीकडे, खऱ्यांत ठेवला असता तर मॅडमच्या यादीशी जुळलं नसतं, मग सगळंच खोटं ठरलं असतं. तो डावीकडे ठेवला.

डावीकडे बारा झाले. मॅडमनी प्रत्येकावर थेंब टाकला, ओरखडा काढला, यादीशी ताडून बघितलं. त्या म्हणाल्या, "बाराही बरोबर आहेत."

केमिस्ट्रीचे सर खुर्चीत पुढे झाले. अध्यक्षांनी पेन उचललं. "हे बारा तुम्ही बदलले?"

"हो. बारा."

त्यांनी लिहिलं, मी सही केली. तुम्ही खुर्चीवरून अर्धे उठला होतात, परत बसलात.

नंतर गेटपाशी तुम्ही मला थांबवलंत. सहा महिन्यांत पहिल्यांदा माझं नाव घेतलंत. "ज्योत्स्ना, अठरा नंबर तू तुझ्यावर का घेतलास? तो तुझा नव्हता. ईश्वरने मला तेव्हाच सांगितलं होतं, मी बघून घेईन म्हटलं होतं त्याला."

एवढ्यात चोपड्याची गाडी लागली म्हणून रिक्षावाला घाई करायला लागला. तुम्ही गेलात.

ज्योत्स्ना


धुळे
२० जानेवारी २०२५

आदरणीय सर,

क्लार्कनी सांगितलं की तुमच्या नावावरचा ठपका काढल्याचं पत्र तुम्हाला गेलं आणि पेन्शनचे कागदही पुढे सरकले. तुम्हाला मिळालं असेल तर बरं.

मी निलंबित आहे. पुढची चौकशी माझी आहे. कॉलेज पोलिसात देणार की नाही ते अजून कळत नाही. रोज वाट बघते. मेघा मॅडम एकदा घरी आल्या होत्या, चहा घेतला, दगडांबद्दल एक शब्द काढला नाही. जाताना म्हणाल्या, "ताई, तुमच्याशिवाय प्रॅक्टिकल मांडायला दुप्पट वेळ लागतो." मला बरं वाटलं आणि मग वाईट.

नवल तीन डिसेंबरच्या दुपारीच टेम्पो घेऊन गेला. काहीजण म्हणतात शिरपूरला आहे, काहीजण म्हणतात सुरतेला. जाण्याआधी त्याने अर्ज टाकला होता. त्याने बोललेलं खरं केलं. परवा त्या अर्जावरून दोन माणसं घरी आली, कागद घेऊन. मला बाहेर उभं केलं आणि सासूबाईंना विचारलं, सून तुम्हाला सांभाळते का, जेवायला देते का. दार उघडंच होतं. सासूबाईंना दोनदा विचारावं लागलं. मग त्या म्हणाल्या, "हाईच जेवाले घालस. दुसरं कोन शे आठे?" त्यांनी कागदावरचा अंगठा दाखवला. सासूबाई म्हणाल्या, "अंगठा मनाच शे. लिखेल काय शे ते माले म्हाईत नही." ती माणसं गेली.

मला वाटलं आता सुटले. आत जाऊन त्यांच्या पायांशी बसले. त्यांनी विचारलं, "तू खरंच दगड चोरात का?"

मी म्हटलं, हो.

"किती?"

"बारा."

मग फोटोकडे बघून म्हणाल्या, "मना ईश्वर ऱ्हाता ते आसं व्हऊ देता नही."

मी म्हटलं, "नाही होऊ दिलं असतं."

आता आम्ही दोघी एवढ्याच या दोन खोल्यांत आहोत. त्या हे वाक्य रोज एकदा तरी म्हणतात, भाकरी खाताना, गुडघ्याला तेल लावताना. मी रोज हो म्हणते. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर आहे, तब्येत चांगली आहे. त्या आहेत तोवर मला हे म्हणायचं आहे. नोकरी राहिली किंवा गेली तरी यातून सुटका नाही आणि आता मी ती शोधतही नाही.

अठरा नंबर माझ्यावर का घेतला, हे तुम्ही गेटपाशी विचारलेलं राहून गेलं होतं. मी त्या दिवशी नोंदवहीची पानं आठवून बघितली. २०१५ पासून दर मार्चला अठरा नंबरसमोर "तपासले, बरोबर आहे" आणि खाली तुमची सही. दहा सह्या. मला वाटायचं तुम्ही न बघता सही करता. अठरा नंबर तुम्ही बघून सही करत होतात. माणूस गेल्यावरही करत राहिलात, त्याची बायको त्याच खोलीत झाडू मारत होती आणि तुम्ही तिला कधी कळू दिलं नाही.

सर, तुम्ही तो दहा वेळा घेतलात. मी एकदाच घेतला.

ज्योत्स्ना ईश्वर शिरसाठ